उचल

बाबांच्या खातेवहीतलं पान सदुसष्ट:
गुलाम रसूल वल्द शेख चांद, कागदी, मुक्काम एरंडोल.
चाळीस दस्त्यांपोटी उचल, रुपये शंभर.
तारखेऐवजी नुसतं, "आखाजीच्या आदल्या दिवशी, सत्तेचाळीस".
पुढे एरंडोलवर काट
आणि वेगळ्या शाईत, कराची.

शंभर गेले तेव्हा त्यांना देश नव्हता.
एकच रुपया, त्यावर एकाच राजाचं डोकं,
आणि कागदीपुऱ्यातल्या हौदात
भिजत पडलेलं चाळीस दस्त्यांचं तागाचं रेंदाट,
ज्याचं पुढे काय झालं
कुणी विचारलं नाही.

सप्टेंबर एकोणपन्नास. पौंड घसरला,
त्याच्या मागोमाग आपला रुपया.
त्यांचा जागचा हलला नाही.
बाबांनी समासात लिहिलं:
त्यांचे १०० म्हणजे आपले १४४.
खाली पेन्सिलीने, उलटं करून:
आपले १०० म्हणजे त्यांचे ६९ रुपये ७ आणे.
आई म्हणाली, चव्वेचाळीस सुटले की हो!
बाबा बराच वेळ टाक पुसत राहिले.
"त्यानं शंभर नेले," म्हणाले,
"पण कुठले?"

पंचावन्नच्या पावसाळ्यात त्यांनीही रुपया उतरवला.
दिवाळीला पत्र आलं, अक्षर देवनागरी, बोली इथलीच:
"सुपडूशेठ, आते भाव बरोबर व्हयना.
तुन्हा शंभर ते मन्हा शंभर.
पन धाडू कसा?
कागद मातर आठे बनत नई,
आठलं पानी खारं शे."

अकरा वर्षं भाव बरोबरीत राहिला.
तिकडे त्याला कोण काय म्हणालं कळलं नाही.
इकडे पोस्टमास्तर नेवे दर वेळी तेच सांगायचे,
मुंबईच्या मोठ्या बँकेला अर्ज करा, कारण लिहा.
बाबांनी एकदा कारण लिहिलं:
"कागद."
अर्ज परत आला.

सहासष्टच्या जूनमध्ये आपला पुन्हा पडला.
समासात एकशे सत्तावन्न, पुढे टिंब, पुढे पाच.
पत्रं आदल्या वर्षीच्या लढाईपासून बंद होती,
तरी आकडा लिहिला गेला,
जसं कुणी घरात नसताना
कॅलेंडरचं पान उलटावं.
बाहत्तरला त्यांचा कोसळला. सत्तर.
हे बाबांचं शेवटचं अक्षर.
पाच वर्षांपूर्वी आलेल्या पक्षाघातानंतरचं,
सातचं पोट सुटलेलं.

मी जळगावला बँकेत तेहतीस वर्षं काढली.
परकीय चलनाचं टेबल कधी वाट्याला आलं नाही.
पीककर्ज, तारण, थकबाकी,
व्याज कुठल्या तारखेपासून लावायचं
हे मला झोपेतून उठवून विचारा.
ह्या पानावर हात चालत नाही.

काल फोनवर बघितलं. त्यांचे शंभर म्हणजे आपले तीसेक.
म्हणजे ते शंभर सरहद्द ओलांडून तिकडचे झाले असतील
तर उरले तीस.
इथलेच राहिले असतील
तर त्याच्या नातवाला सव्वातीनशेवर मोजावे लागतील,
आणि त्याला वाटेल, हा कुठला म्हातारा,
कसले दस्ते?

हौदावर आता मोटारसायकलींचं गॅरेज आहे.
अंजनीच्या पात्रात बाभळी.
बाबांच्या नंतरच्या वह्या, गिरणीच्या कागदाच्या,
हात लावला की भुगा होतात.
ही एकच शाबूत.
हिचा कागद गुलाम रसूलनंच घोटलेला,
उचलीच्या आधीच्या खेपेतला, पूर्ण चुकता झालेला.
उजेडाकडे धरलं की दगडाचे फटकारे दिसतात,
डावीकडून उजवीकडे, मग उलटे,
मध्येच एक हात चुकलेला.
शाई कुठेच फुटलेली नाही,
खोडलेल्या एरंडोलवरसुद्धा.

मी आजचा भाव लिहिला.
समासात अजून दोन बोटं जागा आहे.