मोकळं करण्याआधी

महापे, रात्रीचे अडीच.
एमआयडीसीच्या हवेत पुन्हा तो कडू बदामाचा वास.
तिसऱ्या मजल्यावर मी आणि एक कोसळलेलं यंत्र,
तीन आठवड्यांतून एकदाच कोसळणारं,
म्हणजे सगळ्यात वाईट जातीचं.

पाहुणं मशीन बंद केलं होतं रीतसर.
त्याची मेमरी परत घेतली, पुसली,
दुसऱ्या पाहुण्याला दिलीसुद्धा.
फक्त नेटवर्क कार्डाला कुणी सांगितलं नाही.
त्यानं सवयीनं इंटरप्ट दिला
आणि हायपरवायझर धावला जुन्या पत्त्यावर.
कॉलबॅक समजून जे उचललं
ते दुसऱ्याच कुणाचं काहीतरी होतं.

कोड निवेदिता मढवीचा.
घणसोलीची. मार्चमध्ये सोडून गेली.
ओळ चारशे बाराच्या वर तिची टीप:
‘इथं थांबायला हवं. किती, ते उद्या बघते.’

तिच्या टेबलावरचा फोन अजून वाजतो.
कुरियरवाला, बँक,
एकदा तिची आई, सवयीनं बोट गेलं म्हणून.
‘तू कोण रं?’ म्हणाली,
मग जेवलास का, ते विचारलं.

आधी घंटा बंद करायची.
मग यादीतून नाव.
मग थांबायचं,
आत शिरलेला शेवटचा कुणी
बाहेर येईस्तोवर.
मगच जागा मोकळी.

टीप ठेवतो. खाली थांबण्याची ओळ घालतो.
बिल्ड लावतो. वीस मिनिटं.

तेवढ्यात मेल लिहायला घेतो:
एक्स्टेंशन चव्वेचाळीस सतरा कृपया बंद करावे.
पाठवत नाही.
आधी तिच्या आईला कळवायला हवं.