रकाना नववा

क्लीव्हलँडमधलं विटांचं चर्च. प्रार्थना संपली
की तळघरात घडीचं टेबल उघडतं
आणि व्हर्लीनबाई, जुन्या नर्स,
एकेकाचा दंड पट्ट्यात घेतात.
कॉफी फुकट. रक्तदाबही.

ओडेल पेटवे, वय एक्क्याऐंशी.
चाळीस वर्षं याच शहरात बस चालवली.
सरकारी पाकिटं न फोडताच
बुटांच्या खोक्यातून घेऊन येतो.
"मला कुणाचे उपकार नकोत."
"उपकार कसले? तुमच्याच पगारातून कापलेत."
मग तो खुर्ची ओढतो.

दातांचा फॉर्म झाला. हीटरच्या बिलाचा झाला.
कानाच्या फॉर्मवर रकाना नववा:
कमी ऐकू येतं, हे प्रथम कुणाच्या लक्षात आलं?

"कुणाच्याच नाही," तो म्हणतो.
बाईंचं पेन थांबतं.

दोन वर्षं झाली,
स्तोत्र म्हणताना तो अर्धी ओळ मागे असतो
आणि अख्खा गायकवृंद,
पुढच्या रांगेतली दात पडलेली टियासुद्धा,
शेवटचा सूर
तो पोचेपर्यंत
सोडत नाही.

बाई लिहितात: सगळ्यांच्या.
वाचून दाखवत नाहीत.
"काय लिहिलंत?"
त्या जरा मोठ्यानं म्हणतात,
"इथं सही."