अकरा भोकांचं बिल

मार्चमध्ये, रस्त्याकडेचा बर्फ काळा पडला तेव्हा
हेल्दुर ट्रॉलीतून टेबल घेऊन आला.
व्होरूजवळचं दूध-संकलन केंद्र बंद पडलं
त्या वर्षी त्याच्या आईने ते उचलून घरी नेलं होतं,
थकलेल्या पगाराच्या बदली.

'भोकं बुजवायची आहेत, उल्ले,' तो म्हणाला,
'नातीला अभ्यासाला द्यायचंय.'

दिवा जवळ ओढून मी मोजायला बसले.
चार टेलिफोनच्या बोल्टांची,
दोन दोन सूत रुंद, कडा गंजाने तांबूस.
मागच्या बाजूला एक वायरीचं,
उंदराचं पिल्लू सहज जाईल एवढं.
एक खिळ्याचं: त्यावर आई पावत्या टोचायची,
लिटर, फॅट, सही.
आणि डाव्या कोपऱ्यात पाच, सुईएवढी.

'ती भुंग्याची,' हेल्दुर म्हणाला.
'भुंगा ओळीत चालत नाही,' मी म्हटलं.
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
मग म्हणाला, 'कंपास होता. सात वर्षांचा होतो.
फोन वाजला की ती मला गप्प बसवायची,
आणि फोन फार वेळ चालायचा.'

लोक लांबी भरतात, वर रंग मारतात.
दोन हिवाळ्यांत ती खपलीसारखी निघून येते.
लाकडाला लाकूडच लागतं, तेही घरचं.
खालचा खण बाहेर काढला, आणि त्याच्या मागच्या फळीतून,
जिथे कुणाचा हात पोचत नाही,
बर्चचे सहा डट्टे कापले.
रेषेला रेष मिळवून ठोकले.
डट्टा जरासा फिरला तरी उजेडात
लग्नात चुकून शिरलेल्या माणसासारखा दिसतो.
कंपासच्या पाचांना भुसा आणि सरस, काडीच्या टोकाने.

तिसऱ्या दिवशी रंधा.
डट्टा आणि फळी एकाच आवाजात सोलली गेली
की समजायचं, जमलं.

मग ओलं फडकं फिरवलं, तंतू उठावेत म्हणून,
आणि मधोमध,
लिहिताना मनगट टेकतं तिथे,
एक गोल उमटला. शर्टाच्या गुंडीएवढा.
माझा नव्हता.

कुणीतरी आधीच बुजवलेलं भोक.
रेष अशी मिळवलेली की कोरड्या लाकडात
मला, चाळीस वर्षं हेच करणारीला,
तीन दिवसांत दिसलं नाही.
इथे काय जखडलं होतं? दिवा? शिक्क्याचं यंत्र?
की नुसतीच कुणाची चूक, गिरमिट निसटलेलं?
माझं गिरमिट भिंतीवर हाताशीच होतं.
मी ते काढलं नाही.
लाकूड वाळत गेलं आणि गोल मिटला.

शनिवारी हेल्दुरला जागा दाखवली.
त्याने बोटाने चाचपलं, मग नखाने.
'इथे काही नाही.'
मी पाण्याचा थेंब सोडला.
टोपी हातात घेऊन तो बराच वेळ वाकून उभा.
'ती कधी बोलली नाही,' म्हणाला,
'आणि मी तर ह्यावरच बेरजा शिकलो.'

टेबल ट्रॉलीत चढवलं, दोरी आवळली.
वहीत मी अकराच लिहिली होती.
त्याने बाराचे पैसे मोजले.
एकाचे मी परत केले:
ज्याचे त्याला दे, म्हटलं,
सापडला तर.