खिशात काय आहे

नाटकात माझी वाक्यं तीन.
"कोण आहे?" "आत कोणी नाही." आणि शेवटी,
दिवे मंद होता होता,
"गेटची किल्ली माझ्याजवळ नसते."
चौकीदार. वय साठ. लेखकाने नाव दिलेलं नाही.

मी दिलं. नाव दिलं, भिवापूर गाव दिलं,
वारलेली बायको, उजव्या गुडघ्यात वात.
वहीची बारा पानं भरली.
धकाते सरांनी वही घेतली
(लाईन गेलेली, कूलर मुका)
आणि तिनेच वारा घेत विचारलं,
"त्याच्या खिशात काय आहे?"

मग तीन रात्री कॉटन मार्केटच्या मागे
बंद जिनिंगच्या फाटकासमोर
चहाच्या टपरीवर बसलो. मे महिना.
अकरा वाजले तरी भिंतीला पाठ टेकवेना.
खुर्चीचा एक पाय आखूड, त्याखाली चपलेचा तुकडा.
कुत्रं आलं की तो हाड् म्हणत नाही,
पाय थोडे आत घेतो,
एसटीत कुणाला सरकून जागा द्यावी तसे.
हे लिहिताना पेन पळत होतं माझं.

तिसऱ्या रात्री तोच रस्ता ओलांडून आला.
"काऊन बे पोट्ट्या, तीन दिवसांपासून काय पाहून राहिला?"
खोटं सुचलं नाही.
"तुम्हालेच. नाटकात चौकीदार आहो मी."

झालं.
त्याने गळ्याचं बटण लावलं, पाठ ताठ केली,
काठी आपटत फाटकापर्यंत गेला अन् आला,
कुत्र्यावर खेकसला. कुत्रंही चमकलं.
इतका वाईट नट
मी फक्त होस्टेलच्या आरशात पाहिला होता.

"जमलं का?"
"जमलं."
मग दमून टेकला. खिशातून चुन्याची डबी काढली,
झाकण ढिलं म्हणून वर रबर गुंडाळलेलं.
ते सोडवता सोडवता
मी समोर आहे हे विसरला.
अर्धं मिनिट असेल.

ते वहीत उतरवलं नाही.

काल तालमीत तिसऱ्या वाक्याआधी
हात आपसूक खिशाशी गेला,
नसलेलं रबर सोडवत राहिला.
विंगेतून प्रॉम्प्टिंग दोनदा आलं.
वाक्य आलं, पण फार उशिरा,
आणि कुणाचं तरी असल्यासारखं.

अंधारातून सरांचा आवाज:
"खुर्चीपासून गेट किती पावलं?"
"मोजली नाही सर."
"मोजून ये."