बाही

सुरगाण्याच्या पुढं मोटार जात नव्हती तेव्हा.
धवळू भोये फाट्यावर उभा होता.
रोज तीन रुपये, भाकरी त्याची, बिडी माझी,
असं पत्रातून ठरलेलं;
पत्र त्याला मास्तरांनी वाचून दाखवलेलं.

त्यानं आधी माझ्या डोक्याचा वास घेतला.
"हे तेल नको. राखेनं धुवा."
बंदूक हातात घेऊन परत दिली, काही बोलला नाही.
मग म्हणाला, "एक बोट दाबलं तर थांबा.
दोन दाबली तर मारा.
बाही वर करून बसा, साहेब. कातडीला कळतं."

पौषातली थंडी. अंगात लोकरीचा कोट,
नाशकात मेनरोडवर शिवलेला, अजून कोरा.
मी बाही वर केली नाही.
पैसे मी देत होतो.

बिबट्या बोकडाच्या बाजूनं आलाच नाही.
आमच्या पाठीमागून आला,
सागाखालच्या फाटक्या चांदण्यात आडवा थांबला.
कोटावर काहीतरी दाबलं गेलं.
मी दोन मोजली.

एक होतं.

उजाडल्यावर करवंदीच्या पानावर रक्त.
धवळूनं ते बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं.
"पोटात लागलंय."
मी म्हणालो, मरेल कुठंतरी, जाऊ दे.
"तुम्ही उद्या नाशकात.
माझी पोरगी इथंच शेण वेचती."
आवाज चढवला नाही त्यानं.

दोन दिवस नारच्या काठानं
तो पुढं, मी मागं.
'अजून किती' हे विचारणं
कुठल्याशा ओहोळापाशी सुटलं माझं.
तो पाय उचली तिथंच मी पाय टाकी,
कारण तिथं वाळलं पान नसे.

कपारीतून घरघर आली तेव्हा
मागं न बघता त्यानं हात लांबवला.
मी कोट केव्हाच कमरेला बांधला होता.
उघडं मनगट त्याच्या बोटांखाली नेऊन ठेवलं.

एक.
अजून एकच.
एक मुंगी कोपरापर्यंत चढली, उतरली.
एक.

मग दोन.

हिशेबाला मी दुप्पट पुढं केले.
त्यानं चार दिवसांचे बारा मोजून घेतले,
आणि बॅटरीतले सेल मागितले, अर्धे संपलेले.
मोटारीपर्यंत पोचवायला आला.
"पुढच्या खेपेला," म्हणाला,
"कोट आणू नका."

घाट उतरताना ध्यानात आलं:
पुढची खेप आहे म्हणजे.