पाठमोरे

सेक्रेटरी नेहेते म्हणाले, लिहून द्या भो एका पानात,
यंदा आपली पुढची फळी किती गोल मारेल.
केळीच्या वखारीवाले फेगडेशेठ विचारून राह्यले,
बूट घेऊन दिले तर बुटातून निघेल काय?

मी गोलकीपर. एकोणीस वर्षं
भुसावळच्या या काळ्या मैदानाच्या एका टोकाला उभा.
पुढची फळी मला माहीत ती पाठमोरी.
चेहरे विचारू नका.
खांदे सांगतो, पोटऱ्या सांगतो,
हुकल्यावर कोण कमरेवर हात ठेवतो
आणि कोण वाकून
न सुटलेली लेस बांधतो, तेही सांगतो.

गेल्या साली अकरा सामने, सात गोल.
त्यातले दोन समोरच्यांनीच चुकून दिलेले.
डिगंबर सपकाळे, आपला नऊ नंबर,
त्याची बदली इटारसीला झाली.
जाताना जर्सी धुऊन, घडी घालून देऊन गेला.
ती घडी अजून कुणी मोडलेली नाही.

आता जे आहेत ते.

खजान पावरा. धडगावकडचा, ट्रॅकमन.
दिवसभर रुळांतून चालतो, पावलं मोजून टाकतो,
पण बॉल मिळाला की डोंगर उतरल्यासारखा सुटतो.
थांबायचं कसं, त्याला ठाऊक नाही.
बॅकलाही ठाऊक नसतं तो कुठे थांबेल.
डावा पाय चालतो. उजवा उभं राहण्यापुरता.

शमशेर तडवी. रावेरला केळीचे घड वाहायचा.
मान अशी की घड उतरला तरी मान उतरत नाही.
कॉर्नरला उडतो तेव्हा
दोन बॅकच्या डोक्यांवर त्याची मान दिसते, मागून.
खोट एकच. हेड करताना डोळे मिटतो.
मला पाठीमागून कसं कळलं?
कान हलतात त्याचे.

वाल्मीक झांबरे. बावन्न किलो,
चष्म्याला मागून रबर बांधलेलं.
पास देतो. पासच देतो.
समोर गोल उघडा पडलेला असला तरी शेजारी बघतो,
भरीत-पुरीच्या पंगतीत
वाढता वाढता जेवायचं विसरणाऱ्यासारखा.

मैदानाचं म्हणाल तर मेमध्ये भेगा पडतात,
कोपरापर्यंत हात जातो.
बॉल कुठून उसळेल याचा अंदाज आपल्या पोरांना आहे,
धुळेवाल्यांना नाही.
अर्धा गोल तिथला धरा.

हे सगळं मी शनिवारी लिहून ठेवलं होतं.

रविवारी धाकट्या कीपरला कावीळ निघाली.
सुरडकर सर म्हणाले, शूटिंगला तुम्ही उभे राहा.
साडेपाच वाजता. यार्डात शंटिंग चाललेलं.
आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
ही फळी माझ्याकडे तोंड करून आली.

खजानची जीभ बाहेर येते पळताना,
लहान पोरगं अक्षर गिरवतं तशी.
शमशेरचे डोळे मिटलेलेच होते,
पण मिटल्या डोळ्यांनी तो हसत होता.
वाल्मीकनं शेजारी पाहिलं.
मीही शेजारी पाहिलं.
मग त्यानं पास दिला नाही.

ऊन चटके द्यायच्या आत मी सात खाल्ले.
सात. गेल्या साली आख्ख्या हंगामात झाले तेवढे.
तीन तर जाळीच्या भोकातून आरपार,
शेडच्या नाल्यापर्यंत.
प्रत्येक वेळी मीच आणायला गेलो,
शिव्या देत गेलो,
परत येताना शिवी आठवेना.

कोपर सोललं आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या.
कानबाई बसून उठली की पहिला सामना.
आकडा मी लिहीत नाही, नेहेतेसाहेब.
फेगडेशेठना सांगा, बूट राहू द्या,
खजान तसाही बुटात लंगडतो.
जाळी घेऊन द्या म्हणा, दोन्ही गोलांना.
पैसे कमी पडले
तर आधी पलीकडच्या.