थांब्याची पाठ

अक्कलकोट रोडचा तो थांबा माझ्याच हातचा.
परिवहनच्या कचेरीत, पंख्याखाली,
कागद उडू नये म्हणून कोपऱ्यांवर चार नाणी ठेवून
मी तो काढला होता:
चार खांब, वर पत्रा, मागं पत्रा, एक बाक,
आणि जाहिरातीला ऐसपैस जागा.
उत्तर दाखवणारा बाण कोपऱ्यात होता, सुबक.
त्याला मी काहीच विचारलं नव्हतं.

मे महिन्यात पाहणीला गेले. दुपारचे चार.
ऊन समोरून सरळ आत शिरलेलं
आणि बाकावर कुणी तरी पापड वाळत घातलेले.
"प्रवासी नाहीत," मी वहीत लिहिलं.

तेवढ्यात मागून खोकला आला.

थांब्याच्या पाठीमागं, गटाराच्या कडेला,
पत्र्याची सावली पडली होती, हातभर रुंद,
आणि त्या हातभरात
अकरा बायका, दोन म्हातारे, एक शेळी
विड्यांच्या कट्ट्यासारखी
एकमेकांना आवळून बसलेली.
त्यांना रस्ता दिसत नव्हता.
बसला ती दिसत नव्हती.
मधे मी काढलेली रेघ.

म्हणून त्यांनी एक पोरगा नेमला होता, श्रीशैल.
डोक्यावर दप्तर घेऊन तो उन्हात उभा.
पगार रोज एक लिमलेटची गोळी.
"आली! सोळा नंबर! भरलीय!"
की सूप, पिशव्या, गुडघे सावरत
वळसा घालून पळायचं.
दस्तगीर ड्रायव्हरला हे ठाऊक,
तो गाडी उभी करून आरशात माणसं मोजायचा.
नव्या ड्रायव्हरला थांबा रिकामा दिसायचा.
रिकाम्या थांब्याला ब्रेक कोण दाबतं?

नरसव्वा इराबत्तीनं मला खालून वर बघितलं.
"तूच काडलीस का गं ह्ये?
चांगलंय की. फकस्त उलटं घातलीस."
"झंपरागत," दुसरी म्हणाली,
आणि शेळी सोडून सगळे हसले.

आमच्या नान्नांनी चाळीस वर्षं
जेकार्डचे पुठ्ठे टोचले.
एक भोक चुकलं की मोर आंधळा निघतो,
एका चादरीत नाही, पुठ्ठा झिजेपर्यंत प्रत्येक चादरीत.
त्यांनी माझा नकाशा ट्यूबलाइटसमोर धरला,
मग पालथा केला, सवयीनं.
"पाठ बघितलीस?"
कागदाला पाठ नसते, नान्ना.
"चादरीला असते. अंगाला तीच लागते."

दुसऱ्या दिवशी टेप न्यायला विसरले.
नरसव्वानं विडीचा दोरा दिला.
जमिनीपासून तिच्या गुडघ्यापर्यंत एक गाठ,
बसली असता डोळ्यापर्यंत दुसरी,
आणि बसच्या पहिल्या पायरीची तिसरी,
जी पहिल्या गाठीच्या वर निघाली.
त्यावर ती काही बोलली नाही. पदर खोचला.

नवा नकाशा केला:
भिंत रस्त्याच्या बाजूला, माणसं तिच्या सावलीत,
भिंतीत बसल्या माणसाच्या डोळ्याशी एक लांब फट.
नंबराशेजारी रंगाचा पट्टा,
कारण त्यातल्या निम्म्याजणी तेलुगू वाचतात
आणि दोघी काहीच नाही.
फाईल वर गेली.
वर म्हणजे कपाटावर.

जूनमध्ये गेले तर थांबा भरलेला.
समोरच्या दोन खांबांना, पश्चिमेला,
कारखान्यातून बाद झालेली चादर बांधलेली,
तिच्यावर ओळीनं आंधळे मोर.
पानं कापायच्या कातरीनं
नरसव्वानं त्यात फट पाडली होती, अगदी सरळ.
श्रीशैल बाकावर. गोळी चालूच.

मी खिशातला दोरा काढून लावून बघितला.
तिची फट माझ्या गाठीपेक्षा चार बोटं खाली.
"चुकलं का?" तिनं विचारलं.

चुकलं होतं. माप देताना ती ताठ बसली होती,
सकाळी, माझ्यासाठी, फोटोला बसावं तशी.
हजार विड्या वळून झाल्यावर
कुणी तसं बसत नाही.

कपाटावरून फाईल उतरवली, धूळ झटकली,
चार बोटं खाली नवी रेघ ओढली.